माराच्या माळावर घोड्यावरून: विल्डबीस्टच्या स्थलांतरातली सफारी कशी करायची

जीपमधून उतरून झेब्र्यांच्या कळपाकडे पायी निघालात, तर तुम्ही बरेच लांब असतानाच कळप पाठ फिरवतो. दोन पायांवर उभा माणूस म्हणजे काय चीज आहे, हे आफ्रिकेतल्या जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तोच माणूस घोड्यावर बसला की त्याचा आकार मोडतो. समोर दिसतं ते चार पायांचं, गवताचा नि घामाचा वास असलेलं एक चरणारं जनावर. पाठीवर थोडा उंचवटा आहे, एवढंच. झेब्रा मान वर करतो, कान टवकारतो आणि पुन्हा चरायला लागतो.

घोडेसफारीची सगळी मजा या एका गोष्टीत आहे, आणि सगळा धोकाही. कारण तुम्हाला गवतखाऊ समजणाऱ्यांत सिंहही असतो. पायी माणूस दिसला तर तो बहुतेक वेळा बाजूला होतो, घोड्याकडे मात्र तो जेवण म्हणून बघतो. पुढे जे नियम सांगणार आहे ते वरवर सुटे वाटतील, पण बहुतेक सगळे इथूनच निघाले आहेत.

कधी आणि कुठे

साधारण १२ ते १३ लाख विल्डबीस्ट (बैलासारखं दिसणारं, हरणांच्या कुळातलं मोठं जनावर), दोनेक लाख झेब्रे आणि त्यांच्यासोबत टॉमसन गझेल नावाची लहानखुरी हरणं टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा यांत वर्षभर गोल फिरत असतात. पावसामागून गवत येतं आणि गवतामागून हे. जानेवारी ते मार्चमध्ये ते दक्षिण सेरेंगेटीत, न्डुटूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. वासरं तिथेच जन्मतात. मग पश्चिमेला, उत्तरेला सरकत जुलैच्या सुमारास ते मारा नदीशी पोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत माराच्या परिसरात राहतात. नोव्हेंबरचा छोटा पाऊस लागला की परत दक्षिणेकडे. ‘स्थलांतर कधी सुरू होतं?’ या प्रश्नाला म्हणून उत्तर नाही. ते चालूच असतं, आपण कुठल्या वळणावर गाठायचं ते ठरवायचं.

आकडा आज एवढा मोठा आहे यामागे गुरांचा हात आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. १८९०च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतली गुरं मेली आणि त्यांच्यासोबत रानातले खूरवालेही. पुढे कित्येक दशकं हा रोग गुरांकडून रानात जातच राहिला. १९६१मध्ये सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. आजूबाजूच्या गुरांना लस टोचली गेली, रोग हटला आणि १९७७पर्यंत संख्या तेरा लाखांच्या घरात पोचली. लस गायीला, जीव वाचला विल्डबीस्टचा. बुळकांडी जगातून संपल्याचं २०११मध्ये जाहीर झालं.

घोड्यासाठी जागा निवडताना मात्र एक गैरसमज आधी काढून टाका. १,५१० चौरस किलोमीटरच्या मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात तुम्ही मनाप्रमाणे घोडा घालू शकत नाही. घोडेसफारी चालते ती त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये आणि मसाई लोकांच्या सामायिक जमिनींवर: मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी, नाबोइशो, लोइताचा माळ. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मसाई जमीनमालकांनी आपली शेजारशेजारची जमीन पर्यटनासाठी भाड्याने देऊन, चराई नियमात बांधून एकत्र राखलेला भाग. तिथे कुंपणं नाहीत, त्यामुळे जनावरं राखीव क्षेत्रातून सहज बाहेर येतात. गाड्याही मोजक्याच असतात. खरं सांगायचं तर स्थलांतर बघायला मला आतल्यापेक्षा बाहेरचाच भाग जास्त आवडतो.

याचा एक परिणाम ध्यानात घ्या. टीव्हीवर दिसतं ते नदी ओलांडणं, मगरी, धुरळा, कड्यावरून उड्या, हे तुम्ही बहुधा घोड्यावरून बघणार नाही. चांगल्या सफारीत त्यासाठी एक दिवस जीपने राखीव क्षेत्रात नेतात. त्या दिवसाची प्रवेश फी वेगळी असते. परदेशी प्रौढासाठी ती २०२४पासून जुलै ते डिसेंबरमध्ये दिवसाला २०० डॉलर झाली आहे. पॅकेजमध्ये ती धरली आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

एप्रिल-मे टाळा, तो मोठ्या पावसाचा काळ. माराच्या बऱ्याच भागात जमीन काळी, कापसाची आहे, अगदी आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी. भिजली की घोड्याच्या खुराला चिकटून राहते आणि वाळली की भेगाळते. ज्याने काळ्या रानात पावसाळ्यात बैल चालवले आहेत त्याला जास्त सांगायला नको. भारतीय प्रवाशासाठी मी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर सुचवेन. कारण पुढे, तयारीच्या भागात येईल.

फिरणाऱ्या तळाची सफारी आणि एका जागच्या लॉजमधून रोज निघणारी सफारी, असे दोन प्रकार असतात. फिरत्या सफारीत दर एक-दोन दिवसांनी तळ हलतो; तुम्ही घोड्यावरून माळ तुडवत पुढे जाता, तंबू-भांडी घेऊन लॉरी दुसऱ्या वाटेने जाते. कळपांत खोलवर जायचं असेल तर हाच प्रकार घ्या. आठवड्याचा खर्च माणशी पाच लाख रुपयांच्या पुढे जातो, विमानभाडं वेगळं. स्वस्तात होणारी ही गोष्ट नाही.

आधी स्वतःची परीक्षा

माथेरानला स्टेशनपासून हॉटेलपर्यंत गेलो होतो, पाचगणीच्या टेबललँडवर चक्कर मारली होती, हा अनुभव नव्हे. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि घोड्याला वाट तुमच्यापेक्षा जास्त पाठ असते. स्थलांतराच्या सफारीला नवशिक्याला घेत नाहीत, आणि घेत असतील तर त्या सफारीला जाऊ नका.

तुम्हाला काय यायला हवं? मोकळ्या मैदानात, दुसऱ्या घोड्यांच्या संगतीत, चाल, दुडकी आणि कॅंटर (दुडकीहून वेगवान दौड) तिन्हींत घोडा ताब्यात ठेवता यायला हवा. दुडकीत सलग वीस मिनिटं उठबस करता यायला हवी. भरधाव सुटलेला घोडा पंधरा-वीस ढांगांत चालीवर आणता यायला हवा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वाटेत पडलेला ओंडका किंवा कोरड्या ओढ्याची लहान चर आली तर दोन फुटांची उडी मांड न मोडता झेलता यायला हवी. कोरड्या ओढ्याला तिथे ‘लग्गा’ म्हणतात आणि दिवसभरात तो अनेकदा आडवा येतो. दिवसाला चार ते सहा तास घोड्यावर जातात, तळ हलायच्या दिवशी त्याहूनही जास्त.

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ८५ ते ९५ किलोच्या दरम्यान असते आणि ती बूट-कपड्यांसकट मोजली जाते. अर्जात खरं वजन लिहा. पोचल्यावर तुमच्या अंगकाठीप्रमाणे आधीच निवडलेला घोडा बदलावा लागला, तर आठवडाभर नको त्या घोड्याशी संसार करावा लागतो. अनुभवाच्या रकान्यातही फुशारकी नको. पहिल्या दिवशी गाइड तुम्हाला घोड्यावर बघतोच, आणि जमत नसेल तर पुढचे दिवस जीपमध्ये जातात. पैसे परत मिळत नाहीत.

तयारीचे सहा महिने

सप्टेंबरला निघायचं असेल तर मार्चच्या आत घोड्यावर बसा. मुंबईत महालक्ष्मीला १९४२पासून चालत आलेला अॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्याच्या आसपास, तळेगावपर्यंत, रायडिंग स्कूल आहेत. आठवड्यातून दोनदा तरी जा, तीनदा जमलं तर उत्तम. पहिले दोन महिने मांड पक्की करण्यात घालवा: रिकिबी काढून चाल आणि दुडकी, मग रिकिबी घालून दुडकीतली उठबस, मग कॅंटर. तिसऱ्या महिन्यात शिक्षकाला सांगा की रिंगणाबाहेर जायचंय. रिंगणात शिकलेला स्वार मोकळ्या रानात पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो, कारण तिथे घोड्यालाही पळावंसं वाटतं.

मे महिन्यापर्यंत रिकिबीवर उभं राहून, पुढे झुकून, गुडघ्यांत झटके झेलत कॅंटर करायला शिका. या बैठकीत तुमची पाठ घोड्याच्या पाठीवर आपटत नाही आणि लांब पल्ल्यात दोघंही वाचता. जूनमध्ये पाऊस लागला की मैदान चिखलाचं होतं. त्या वेळी घोड्यावरचे तास कमी झाले तर जिने चढा, मांड्या आणि पाठ मजबूत करा, रोज पाच-सात किलोमीटर चाला. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तसं घोड्यावर बसत राहिलात की सप्टेंबरला तयार असता. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर म्हणालो ते यासाठीच: जुलैच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग केलं तर ऐन शेवटच्या महिन्यात पाऊस तुमच्या आड येतो.

निघायच्या आधी महिनाभरात एकदा तरी लागोपाठ तीन दिवस रोज तीन तास घोड्यावर बसून पाहा. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. तिसऱ्या दिवशी कुठला शिवणीचा कपडा कुठे घासतोय ते कळतं, आणि ते केनियात कळण्यापेक्षा तळेगावात कळलेलं बरं.

कागद, सुई आणि विमा

केनियासाठी २०२४पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. तो निघण्याच्या दोनेक आठवडे आधी काढून छापील प्रत जवळ ठेवा. पीतज्वराची लस मात्र अजिबात शेवटच्या क्षणावर टाकू नका. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि पिवळं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केनियातून परतताना ते नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. धनुर्वाताची सुई झाली आहे का तेही बघा, घोड्यांच्या संगतीत ती हवीच.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलताना ‘दिवसभर उन्हात घोड्यावर असणार आहे’ हे आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिनने काहींची कातडी उन्हाने लवकर भाजते, पर्याय आहेत.

विम्याचं कागदपत्र भिंगातून वाचा. नेहमीच्या प्रवासविम्यात घोडेस्वारी बहुधा ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असते. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. माळावर हाड मोडलं तर रुग्णवाहिका येत नाही, लहान विमान येतं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालणाऱ्या आम्रेफ या आरोग्यसंस्थेच्या फ्लाइंग डॉक्टरांची सेवा त्यासाठी आहे (ही संस्था १९५७पासूनची). तिचं वर्गणीचं संरक्षण उचलून नैरोबीला नेण्यापुरतं असतं. रुग्णालयाचा खर्च तुमच्या विम्यातून. म्हणजे दोन्ही हवेत. गंमत म्हणजे स्वाहिलीत विम्याला ‘बिमा’ म्हणतात. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, आणि चहा-चपातीला चाय-चपाती. हिंदी महासागर ओलांडून हे शब्द आपल्या आधी तिथे पोचलेत.

बॅग

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तासांच्या आसपास. तिथून विल्सन विमानतळावर जाऊन लहान विमानाने माराच्या मातीच्या धावपट्टीवर उतरायचं. या विमानांत माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. चाकांची टणक सूटकेस पोटात मावतच नाही. एक मराठी सवय इथे अडचणीत आणते: सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरिबॅगवर कडक बंदी आहे. कापडी पिशव्या वापरा.

हेल्मेट स्वतःचं न्या. ते डोक्यावर मापात बसतं आणि त्याला कधी मार लागला नाही हे तुम्हाला माहीत असतं. बूट घोट्याच्या वर जाणारे, टाच असलेले, आधी वापरून मऊ केलेले. वर पोटऱ्यांना चामड्याचे हाफ-चॅप्स. नवे बूट घालून जाणारे दरवर्षी असतात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या तळाला त्यांचे फोड माहीत होतात. आत बिनशिवणीची सायकलिंग शॉर्ट, वर जोधपुरी किंवा ताणणारी रायडिंग पँट. पूर्ण बाह्यांचे खाकी, मातकट, हिरवट शर्ट. निळा आणि काळा रंग टाळा. त्से त्से या रक्त पिणाऱ्या, रोग पसरवणाऱ्या माशीला हे दोन रंग आवडतात, तिला पकडायच्या सापळ्यांचं कापडही निळं-काळंच असतं. लष्करी छापाचे चट्ट्यापट्ट्यांचे कपडे तर घालूच नका, केनियात सामान्य माणसाला ते वापरता येत नाहीत.

मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरच्या वर आहे. पहाटे स्वेटर आणि जाडसर जॅकेट लागतं, दहा वाजता दोन्ही खोगिराच्या पिशवीत जातात. दुर्बीण छातीला पट्ट्यांनी बांधा, गळ्यात लोंबती नको. मोठ्या लेन्सचा कॅमेरा जीपच्या दिवसासाठी ठेवा. घोड्यावर खिशात मावेल, चेन लावता येईल असा लहान कॅमेरा किंवा फोन पुरे. व्हॅसलीन, झिंकची चिकटपट्टी, गळ्याभोवती ओढणीसारखं पातळ कापड, ओआरएसच्या पुड्या. बायकांनी पाळीचं सामान पुरेसं न्यावं, माळावर दुकान नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. स्वयंपाक्याला त्यात काही नवल वाटत नाही. मुगाची ‘न्देंगू’, ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी आणि चपाती मिळते. लसणाची चटणी घरून नेलीत तर शेकोटीभोवती तुमचं वजन वाढेल.

पहिला दिवस: घोडा आणि सईस

तिथले घोडे बरेचसे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, नाहीतर सोमाली तट्टांच्या संकराचे. तुम्ही आपला घोडा नेऊ शकत नाही, आणि नेलाच तर तो टिकणार नाही. डासांहून लहान चिलटांमार्फत पसरणारा ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ हा रोग झेब्र्याला फारसा जाणवत नाही पण घोड्याचा जीव घेतो. त्से त्से माशीचा रोग वेगळाच. तिथले घोडे लस टोचलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत मुरलेले असतात. पूर्व आफ्रिकेच्या माळावर झेब्रे लाखोंनी असूनही घोडेस्वारांची फौज का उभी राहिली नाही, याचं एक उत्तर या माशी-चिलटांत आहे.

घोड्यांची निगा राखणाऱ्याला तिथेही ‘सईस’च म्हणतात. आपला मोतद्दार म्हणा. त्याच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, घोड्याचं नाव विचारा, त्याला काय आवडत नाही ते विचारा. मागून घोडा आला की लाथ झाडतो का? पाण्यात बसायची सवय आहे का? डाव्या बाजूनेच चढू देतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं तुमचा आठवडा वाचवतात. मी एकदा दुसरा प्रश्न विचारायचा राहिलो. तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात घोड्याने आधी पुढचे पाय आपटले, मग शांतपणे बैठक मारली, आणि मी छातीपर्यंत भिजून उभा. घोडा पाण्यात पाय आपटायला लागला की तो बसणार असं समजा. लगेच टाच मारून पुढे काढा.

चढायच्या आधी तंग (खोगिराचा पोटपट्टा) स्वतः बघा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा. चालता चालता घोड्याचं पोट आत जातं आणि तंग सैल पडतो. रिकिबी घरच्यापेक्षा एखादं भोक आखूड घ्या, मोकळ्या रानात उठून बसायला बरं पडतं.

दिवसाचा क्रम

साडेपाचला तंबूबाहेर चहा येतो. उजाडताना घोड्यावर. दहा-अकरापर्यंत ऊन चढतं, तोवर चार-साडेचार तास झालेले असतात. वाटेत एखाद्या अकेशियाखाली (तिथली बाभूळच) उतरून न्याहारी. दुपार जेवण, झोप, बादलीच्या शॉवरखाली अंघोळ. चारनंतर जीपने किंवा छोट्या फेरीसाठी घोड्याने. रात्री घोडे तळाच्या मधोमध दोरीला बांधलेले असतात, कंदील आणि शेकोट्या पेटत्या असतात आणि मसाई पहारेकरी जागे असतात. घोडे तिथे का, ते रात्री दोनला सिंहाची डरकाळी ऐकली की कळतं. तंबूतून बाहेर पडायचं असेल तर टॉर्च लावून पहारेकऱ्याला हाक मारा, एकटे निघू नका.

रांगेत

गाइड पुढे, त्याचा मदतनीस सगळ्यात मागे, मध्ये तुम्ही. गाइडच्या पुढे जायचं नाही, कधीही, कुठल्याही कारणाने. समोरच्या घोड्यापासून एका घोड्याएवढं अंतर. शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा लाथ मारतो, त्याच्यामागे दोन घोड्यांएवढं.

सिंहापेक्षा जास्त माणसं पाडणारी गोष्ट म्हणजे बीळ. आर्डव्हार्क रात्री वाळवी शोधत जमीन उकरतो, त्याच्या बिळांत वॉर्टहॉग नावाची रानडुकरं राहायला येतात, आणि वर लाल ओटचं गवत गुडघाभर वाढलं की काही दिसत नाही. म्हणून कॅंटरमध्ये समोरच्याच्या मागोमाग, त्याच्याच रेषेत. पुढचा हात वर करून ‘बीळ’ म्हणाला की तुम्ही मागच्याला ओरडून सांगायचं. लगाम थोडा सैल ठेवा. घोड्याला मान खाली घालून जमीन बघू द्या. या जमिनीशी त्याची ओळख तुमच्याहून जुनी आहे.

घोडा उधळलाच तर दोन्ही लगाम मागे खेचत बसू नका, तो त्यांच्यावर रेलून अजून जोरात पळतो. एक लगाम आखूड करून त्याला मोठ्या वर्तुळात वळवा आणि वर्तुळ हळूहळू लहान करत आणा.

आणि न सांगता खाली उतरू नका. लघवीसाठीही नाही, टोपी पडली म्हणूनही नाही. (टोपी नावाचं हरीणही तिथे आहे, उंच वारुळावर पहारेकऱ्यासारखं उभं राहतं, ‘टोपी बघ’ म्हटलं की मराठी माणूस डोक्याला हात लावतो.) उतरलात की तुम्ही पुन्हा दोन पायांचा माणूस झालात. कळप फुटतो, आणि घोडा बिचकून निसटला तर तुम्ही माळावर एकटे.

कळपात

आता ज्यासाठी आलात ते. लांबून आधी आवाज येतो. हजारो विल्डबीस्ट एकाच वेळी ‘ग्नू, ग्नू’ करत हुंकारत असतात. पहिल्या पावसानंतर शेतात बेडूक ओरडतात त्याची आठवण होते, फक्त छातीत घुमणारी. मग वास, शेणाचा आणि धुळीचा. मग क्षितिजावरची काळी रेघ हलायला लागते.

थेट त्यांच्याकडे जाऊ नका. कळपाच्या बाजूने, ते जिकडे चाललेत त्याच दिशेने, तिरकं तिरकं जवळ सरका. चालीतच. विल्डबीस्टची नजर तुमच्यावर आली की थांबा, घोड्याला दोन घास चरू द्या. चरणारा घोडा म्हणजे त्यांच्या दृष्टीने भरवशाचा शेजारी. बोलणं बंद, हात हलवणं बंद, फोनचा आवाज आधीच बंद केलेला असायला हवा. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे असेल तर गाइड मोठा वळसा घेईल, कंटाळू नका.

कळप आपणहून चालायला लागला की त्यांच्या समांतर चला. एखाद्या वेळी पुढचे काही धावतात, मागचे धावतात, आणि घोडाही कान पुढे करून विचारतो. गाइडने होकार दिला तर शंभरेक मीटर अंतर ठेवून कॅंटर. त्यांच्यामागे कधीच नाही, त्यांच्यात कधीच नाही. पाठलाग केला की वासरं आईपासून तुटतात, आणि तुटलेलं वासरू संध्याकाळपर्यंत तरसाच्या पोटात असतं. कळप नदीकडे निघाला असेल तर लांब थांबा. काठावर घोड्यांची चाहूल लागून मागे फिरलेला कळप पुन्हा तासन्‌तास हिय्या करत नाही.

धुरळ्यात दिशा हरवते. समोरचा घोडा दिसेनासा झाला तर चालीवर या, हाक द्या, थांबा.

सिंह, हत्ती, रानरेडे

सिंह दिसला की पहिली इच्छा पळण्याची होते, तुमचीही आणि घोड्याचीही. पळणारा घोडा म्हणजे पळणारं जेवण. सगळ्यांनी एकत्र गोळा व्हायचं, घोड्यांची तोंडं सिंहाकडे करायची. गाइड पुढे होतो, लांब चाबूक हवेत फटकावतो. तो आवाज बंदुकीसारखा येतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. काही गाइडांकडे रायफलही असते. तुम्ही काय करायचं? दोन्ही लगाम आखूड, टाचा खाली, श्वास खोल, आणि गाइड सांगेल तसं ओरडायचं किंवा गप्प राहायचं. मग तोंड न फिरवता हळूहळू बाजूला.

हत्तीच्या बाबतीत वारा आणि वाट बघायची. पिल्लू असलेल्या हत्तिणीला आपण तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये नको आहोत. कान पसरून डोलणं म्हणजे इशारा. सोंड आत घेऊन, कान मागे करून, आवाज न करता आली तर तो खरा हल्ला; तेव्हा गाइड ‘पळा’ म्हणेल आणि ही एकच जागा आहे जिथे पळायचं. त्यामुळे हत्तींजवळ जाताना मागची वाट झुडपांनी अडलेली नाही ना, हे तो आधी बघून ठेवतो. तुम्हीही बघून ठेवा.

एकटे म्हातारे रानरेडे दाट झुडपात पडून असतात, आणि पाणघोडे पहाटे चरून नदीकडे परतत असतात. झुडपातून जाताना गाइड मोठ्याने बोलतो, शीळ घालतो. माळावर गप्प बसायला सांगणारा माणूस इथे का बडबडतोय असं वाटेल. जनावराला आपण येतोय हे कळावं, त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी. नदी ओलांडताना ठरलेल्या उतारावरूनच, एकामागून एक, गाइडने पाणी बघितल्यावर.

कुंपणं

लोइताच्या बाजूने जात असाल तर तारांची कुंपणं दिसतील. सेरेंगेटीहून येणाऱ्यांशिवाय लोइताच्या माळावरचे स्थानिक विल्डबीस्टही कोरड्या दिवसांत माराकडे येत असत. गेल्या काही दशकांत जमिनीच्या वाटण्या झाल्या, कुंपणं वाढली आणि ही छोटी वारी खूपच रोडावली. उलटी गोष्टही घडली आहे. बोट्सवानात १९६८मध्ये गुरांच्या रोगासाठी घातलेल्या कुंपणाने ओकावांगोच्या पाणथळ भागापासून मकगाडिकगाडीच्या मिठाच्या मैदानापर्यंतची झेब्र्यांची वाट तुटली होती. २००४मध्ये ते काढलं आणि काही वर्षांतच झेब्रे त्या वाटेने पुन्हा जाताना नोंदवले गेले. त्या वाटेवरून एकदाही न चाललेले झेब्रे. मकगाडिकगाडीतही घोडेसफारी होते, आणि तिथले झेब्रे आपल्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या पावसाच्या दिवसांत मिठाच्या मैदानाकडे येतात. सप्टेंबर ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तो पर्याय आहे.

परत निघताना

बक्षिशी केनियाच्या शिलिंगमध्ये किंवा नव्या छपाईच्या डॉलरमध्ये. जुन्या, मळक्या नोटा तिथे कुणी घेत नाही. तळासाठी एक पेटी असते, पण सईसाला वेगळं, हातात द्या. शेवटच्या सकाळी खोगीर स्वतः उतरवा आणि घोड्याला खरारा करा.

बूट, हाफ-चॅप्स आणि हेल्मेटचा पट्टा तिथेच घासून धुवा, जंतुनाशक लावा, उन्हात वाळवा. परत आल्यावर पहिले दोनेक आठवडे ते बूट घालून इथल्या तबेल्यात जाऊ नका. सईसने निघताना मला हेच सांगितलं होतं, आणि वर विचारलं होतं की तुमच्याकडे घोड्यांना रात्री कोण राखतं. मी म्हणालो, वॉचमन असतो, पण तो झोपतो. तो बराच वेळ हसत होता.